परक्या देशात पॉवर बँक विकायची असेल तर

नोकरीच्या व्हिसावर स्वतःचा धंदा करता येतो का, हे आधी वकिलाला विचारा. त्या बाबतीत माझं ऐकू नका.

नाव आणि लोगो ठरवण्यात मी तीन महिने घालवले. तुम्ही तीन दिवसांत उरका आणि तक्रारींचा फोन स्वतः उचला. माझे उच्चार ऐकून दोघातिघांनी फर्मावलं होतं, "तुमच्या साहेबांना द्या." साहेब मीच होतो! तरी फोन सोडला नाही. तैवानहून लहानपणी अमेरिकेत गेलेले विल्यम वांगसुद्धा नोकरीच्या सुरुवातीला मॉनिटरच्या ग्राहकांच्या अडचणी सोडवत. २००२मध्ये त्यांनी टीव्हीची जी कंपनी काढली, ती विझिओ.

फोनवर सगळ्यात जास्त ऐकलेली तक्रार : "खोक्यावर २०,००० एमएएच, मिळतात जेमतेम १२-१३ हजार." लबाडी नसते. तो आकडा (मिलीअँपिअर-तास) आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टवरचा : २० अँपिअर-तास गुणिले ३.७, म्हणजे ७४ वॅट-तास वीज. फोनला वीज साधारणपणे जाते ५ व्होल्टने. ७४ भागिले ५ केलं की उरतात १४.८ अँपिअर-तास, म्हणजे १४,८०० एमएएच, आणि व्होल्टेज वाढवताना थोडी वीज उष्णतेत जाते. हे मी फोनवर इतक्यांदा समजावलं की शेवटी खोक्यावरच छापलं : प्रत्यक्ष मिळणारी क्षमता, ठळक अक्षरात. विक्री थोडी घटली, पण परत येणारी खोकी त्याहून जास्त घटली. मला तो सौदा परवडला.

वॅट-तासांचा हिशेब विमानासाठीही लागतो. प्रवाशाला १०० वॅट-तासांपर्यंतची पॉवर बँक सहसा विनापरवानगी नेता येते, तीही केबिनमध्येच, चेक-इन बॅगेत नाही. म्हणूनच बाजारात २७,००० एमएएचच्या आसपास येऊन आकडे थांबतात. माल मागवताना यूएन ३८.३ चाचणीचा (लिथियम बॅटरी वाहतुकीत सुरक्षित आहे का, ते तपासणारी) अहवाल मागा आणि त्यावरचं मॉडेल तुमचंच आहे ना, ते बघा. दुसऱ्याच मॉडेलचा कागद पुढे सरकवणारे भेटतात.

आता कारखाना. पहिला लॉट छान आला, म्हणून दुसऱ्याला मी डोळे मिटून पैसे पाठवले. महिन्याभरात फोन खणाणू लागले. दोन्ही लॉटमधला एकेक नग काट्यावर ठेवला, तर नवा बराच हलका. आतले सेल बदलले होते. भांडायला माझ्याकडे पुरावा काय? काहीच नाही.

म्हणून पसंत पडलेल्या नमुन्याचे दोन नग वेगळे काढा. एक उघडून आतल्या सेलचे, सर्किटचे फोटो घ्या. दुसरा सीलबंद करून त्यावर तुमची आणि कारखान्याची सही घ्या. उरलेली रक्कम माल तपासून झाल्यावरच द्यायची, हे ऑर्डरमध्येच लिहा. आणि सहीशेजारी नगाचं वजन, ग्रॅममध्ये.