आई-बाबा इंग्लंडला आलेत? पीक डिस्ट्रिक्टच्या टेकड्यांवर त्यांना असं घेऊन जा

मे महिना आला की मँचेस्टर-शेफील्डकडच्या मराठी घरांमध्ये कुणाचे तरी आई-बाबा येतात, लंडन बघून होतं, मॉल बघून होतात आणि मग प्रश्न पडतो की आता यांना न्यायचं कुठे. माझं उत्तर गेली काही वर्षं एकच आहे, पीक डिस्ट्रिक्ट. ब्रिटनमधलं पहिलं नॅशनल पार्क, १९५१ चं, आणि मँचेस्टर-शेफील्डच्या मधोमध असल्यामुळे गाडी नसली तरी चालतं, होप व्हॅलीची लोकल ट्रेन एडेल, होप, बॅमफर्ड, हॅदरसेज अशी एकेका गावात सोडते, स्टेशनातून बाहेर पडलं की थोड्याच वेळात चढ सुरू.

आधी एक सांगते, इथली उंची बघून वाट ठरवू नका. मॅम टॉर ही इथली प्रसिद्ध टेकडी ५१७ मीटर, एडेल स्टेशनपासून चढ पावणेतीनशे मीटरच्या आसपास, म्हणजे सिंहगड पायथ्यापासून चढलेल्या माणसाला तो निम्माच वाटेल. बाबा पण हेच म्हणाले होते, "एवढंच ना?" आणि वर पोचल्यावर वाऱ्याने त्यांना नीट उभं राहता येईना, मे महिन्यात, ऊन असताना. सह्याद्रीत पावसात भिजलो तरी आपण मजेत असतो कारण तो पाऊस कोमट असतो, इथला पाऊस आडवा येतो आणि गार असतो, अर्ध्या तासात हात बधिर. त्यामुळे आदल्या रात्री फोरकास्ट बघताना पावसाची टक्केवारी बघून थांबू नका, वाऱ्याचा वेग बघा, आणि तोही खालच्या गावाचा नाही तर टेकडीचा. मेट ऑफिसचा, म्हणजे इथल्या हवामान खात्याचा, डोंगरांसाठी वेगळा अंदाज असतो, तो बघायची सवय लावा. वारा जास्त असला तर माथा सोडा आणि धरणाकाठी जा.

धरणाकाठी म्हणजे माझ्या मते पहिल्या दिवशी जायची जागाच ती. फेअरहोम्सला कार पार्क, टॉयलेट, चहा-खाणं सगळं आहे आणि तिथून पाच-दहा मिनिटं सपाट चाललं की डरवेंट धरणाच्या पायथ्याशी. दगडी भिंत, दोन बाजूला किल्ल्याच्या बुरुजासारखे दोन टॉवर, आणि हिवाळ्यात धरण भरलं असेल तर अख्ख्या भिंतीवरून पाणी पडद्यासारखं खाली येतं, आवाज लांबूनच यायला लागतो. एका ओळीत तीन धरणं आहेत, सगळ्यात वर हाउडन १९१२ चं, मग डरवेंट १९१६ चं, आणि खाली लेडीबोअर, जे १९३५ ते ४३ मध्ये बांधलं, मातीचं. लेडीबोअरच्या पाण्याखाली डरवेंट आणि ॲशॉप्टन ही दोन गावं गेली. डरवेंटच्या चर्चचा मनोरा सुरुवातीला तसाच ठेवला होता, पाण्यातून वर दिसायचा, १९४७ मध्ये तो पाडला. स्मशानातली प्रेतं उकरून बॅमफर्डच्या चर्चच्या आवारात पुन्हा पुरली. आणि गावातला जुना दगडी पूल एकेक दगड सुटा करून वरच्या बाजूला स्लिपरी स्टोन्सला परत उभा केला, तो अजून वापरात आहे. २०१८ आणि २०२२ च्या कोरड्या उन्हाळ्यांत पाणी उतरलं तेव्हा डरवेंट गावातल्या भिंतींचे अवशेष दिसले होते. हे मी आईला सांगितल्यावर ती पटकन म्हणाली, "आपल्या पळसदेवसारखंच की." उजनीचं पाणी उतरलं की देऊळ वर येतं ते आठवलं तिला, मग बराच वेळ ती काठावर बसून पाण्याकडेच बघत होती. तर अशा ठिकाणी घाई नका करू. पूर्ण फेरी मारायचा हट्ट नको, काठाने तासभर पुढे जा, आल्या वाटेने परत या. लेडीबोअरच्या भिंतीजवळ पाण्यात दोन मोठी गोल विवरं आहेत, जादाचं पाणी त्यातून खाली जातं, लहान मुलं तिथून हलत नाहीत. पाण्यात मात्र कुणी उतरायचं नाही, उन्हाळ्यातसुद्धा, कारण वर ऊन असलं तरी आतलं पाणी इतकं गार असतं की चांगल्या पोहणाऱ्याचाही श्वास अडकतो.

दुसऱ्या दिवशी मॅम टॉर. गुडघे दुखत असतील तर मॅम निकच्या कार पार्कपासून जा, वरपर्यंत फरसबंद पायऱ्या आहेत, आरामात अर्ध्या तासात माथा. वीकेंडला ९ च्या आत पोचा नाहीतर पार्किंग विसरा. तब्येत बरी असेल तर एडेल स्टेशनला उतरून हॉलिन्स क्रॉसच्या खिंडीत चढा, मॅम टॉर करून परत त्याच धारेवरून लूज हिलपर्यंत जा आणि होप स्टेशनला उतरा, दिवसभराची वाट आहे पण दोन्हीकडे दरी उघडी, डावीकडे एडेलच्या मागे किंडर स्काउटचं पठार. या पठारावर २४ एप्रिल १९३२ ला कामगार पोरं बंदी मोडून चढली होती, कारण तेव्हा हा माळ शिकारीसाठी जमीनदारांनी राखून ठेवलेला, पाच जणांना तुरुंगात टाकलं. आज आपण माळावर वाट सोडूनही चालू शकतो तो हक्क २००० च्या कायद्याने आला, पण त्यामागे ही पोरं आहेत, म्हणून मी घरातल्या सगळ्यांना हे थांबून सांगते.

आणि मला सगळ्यात आवडतं ते बॅमफर्ड एज, बॅमफर्ड गावावरचा कडा. बॅमफर्ड स्टेशनपासून गावातून चढत दीड तास धरा. वर कड्यावर आलात की खाली लेडीबोअरचा निळा फाटा, त्यावरचा पूल, समोर विन हिल. ऑगस्टमध्ये हेदरची झुडपं फुलतात तेव्हा अख्खा माळ जांभळा, तेव्हाच जा. फक्त कड्याला कठडा नाही, फोटोसाठी टोकावर जायचं नाही, आणि मुलांचा हात सोडायचा नाही.

वेळेचं गणित सोपं आहे, ५ किलोमीटरला १ तास आणि दर ६०० मीटर चढाला अजून १ तास, हा नेस्मिथचा जुना नियम. आई-बाबा सोबत असतील तर सरळ दुप्पट करा. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो पण डिसेंबरमध्ये चारच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा दुपारी १ ला जिथे असाल तिथून परत फिरा, आणि बॅटरी जवळ ठेवा.

जीन्स नको, भिजली की वाळत नाही, मी पहिल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये स्टॅनेजच्या कड्यावर जीन्स घालून गेले आणि घरी येईपर्यंत थरथरत होते. साडी किंवा सुती सलवार पण नको, आईला मी ट्रॅकपँट घ्यायला लावली. छत्री वाऱ्यात उलटते, टोपीवालं जॅकेट हवं. धरणाकाठी साधे स्पोर्ट्स शूज चालतात, माळावर नाही, कारण तिथे काळी पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची, माती असते, वरून कोरडी दिसते आणि पाय घोट्यापर्यंत आत जातो. खायला चटणी-पोळी, दशम्या, थर्मासमध्ये चहा, वर काही मिळत नाही.

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचा घ्या, केशरी कव्हरचा एक्सप्लोरर ओएल१, कारण फोनची रेंज दरीत जाते. वाटेतल्या खांबांवर पिवळा बाण म्हणजे चालायची वाट, निळा म्हणजे घोडे आणि सायकलीही येणार. गेट जसं होतं तसंच ठेवायचं, उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. वासरं सोबत असलेल्या गाईंपासून लांबून वळसा घाला, आपल्याकडच्यासारखं पाठीवरून हात फिरवायला जाऊ नका. घरी आल्यावर पायांवर गोचीड चिकटलीय का ते बघा. शेगडी, सिगरेट काही पेटवायचं नाही, पीट आतून दिवसेंदिवस जळत राहतो, २०१८ ला सॅडलवर्थ मूरचा माळ असाच बरेच दिवस जळत होता.

कुणाचा पाय मुरगळला आणि उतरता येईना तर ९९९ लावा, आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू. येणारे सगळे स्वयंसेवक असतात आणि पैसे घेत नाहीत. फोन लागत नसेल तर मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून परत. शिट्टी बाबांच्या गळ्यात घाला, त्यांना कशी वाजवायची ते स्टेशनवरच दाखवून ठेवा, आणि परतीच्या ट्रेनची वेळ सकाळीच कागदावर लिहून घ्या, रविवारी गाड्या कमी असतात.