आधी शाळा सोडल्याचा दाखला काढा, भाषण नंतर शिका

महापालिकेत महिलांना १९९३ पासून एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा राखीव आहेत, हे निवडणुकीला उभं राहू पाहणाऱ्या तुम्हाला सांगायला नको. महापालिकेला उभं राहायला शिक्षणाची अट नाही. वय २१ पूर्ण हवं आणि मतदारयादीत नाव हवं. मग शिकायचं कशाला, असं नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात मला कितीजणींनी विचारलं. माझं उत्तर एवढंच, की सभागृहात समोर आलेला कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायची वेळ येऊ नये. पण सभागृह लांबच राहिलं, मी उंबरठ्यावरच अडकले. ते आधी सांगते, कारण अजून दुखतं.

वडील माथाडी कामगार, मूळ गाव सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात. बारावीनंतर माझं लग्न झालं, दोन मुलं झाली आणि मग मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. रात्री भांडी आवरून ओट्यावरच पुस्तक उघडायचे. २०१५ च्या निवडणुकीत आमचा वॉर्ड ओबीसी महिलेसाठी राखीव निघाला. पदवी होती, वस्तीत आठ वर्षांचं काम होतं, पक्षाचा होकार होता. आता फक्त अर्ज भरायचा, असं मी धरून चालले.

जातीच्या दाखल्यासाठी ठाण्याला गेले. खिडकीतल्या बाईंनी पहिलाच प्रश्न केला, "१९६७ च्या आधी वडील कुठे राहायचे?" वडील मुंबईला आले १९७२ च्या दुष्काळात. "मग दाखला तिकडच्या प्रांताधिकाऱ्यांकडून घ्या, ताई. आणि त्याची पडताळणी साताऱ्याला." अर्ज भरायची मुदत संपायला नऊ दिवस होते. नऊ दिवसांत काही झालं नाही, आणि मी उभी राहू शकले नाही.

म्हणून हे नीट समजून घ्या. राखीव जागेवर अर्ज भरताना जातीचा दाखला लागतो, आणि वैधता प्रमाणपत्र, म्हणजे तो दाखला पडताळून खरा ठरल्याचा कागद, हातात नसेल तर निदान पडताळणीला अर्ज केल्याची पोच लागते. निवडून आल्यावर ठरलेल्या मुदतीत वैधता दिली नाही तर पद जातं. ही मुदत आधी सहा महिन्यांची होती, सरकारने मधूनमधून वाढवलेली. पण ऑगस्ट २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट बंधनकारक ठरवली तेव्हा निवडून आलेल्यांची पदं गेली होती. 'आधी निवडून या, बाकीचं बघू' असं सांगणारा तुमचा हितचिंतक नाही.

लग्नाने जात बदलत नाही. नवऱ्याचे, सासऱ्यांचे कागद इथे उपयोगाचे नाहीत, माहेरचेच लागतात. वडिलांचा, आजोबांचा, चुलत्यांचा शाळेचा निर्गम उतारा, नाहीतर कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या वहीतली, जन्माची नोंद. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा हवा, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. त्यानंतर वंशावळ, आणि तिच्यातलं प्रत्येक नाव कुठल्यातरी कागदावर सापडलं पाहिजे.

आणि नावं! माझ्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, जातीच्या रकान्यात नुसतं 'हिंदू'. पदवीवर सासरचं नाव. मतदारयादीत सासरच्याच आडनावाचं चुकीचं स्पेलिंग. कागदोपत्री मी तीन बायका होते. विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद, या दोन कागदांनी त्या तिघी एक झाल्या. शाळा सोडल्यानंतर दाखल्यात दुरुस्ती हवी असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते, त्यात महिने जातात.

गावच्या शाळेत गुरुजींनी जुनं रजिस्टर काढून दिलं. कापडी बांधणीचं, एका कोपऱ्याला वाळवी लागलेलं. आजोबांची नोंद मोडी लिपीत होती. वडिलांना ती वाचता येईना, तरी ते त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ उभे राहिले. मोडी वाचणाऱ्याकडून तिचं लिप्यंतर करून घेतलं. सगळं मिळून मला चौदा महिने लागले.

घाबरू नका. वैधता एकदाच काढायची, ती जन्मभर चालते. सख्ख्या भावाकडे किंवा वडिलांकडे असेल तर तुमचं निम्मं काम झालेलं आहे. एजंटाला मात्र पैसे देऊ नका. तो कागद 'जमवून' देतो, आणि खोटा निघाला की गुन्हा तुमच्यावर दाखल होतो.

माझी वैधता आली आणि पुढची निवडणूक लांबली. २०२० मध्ये करोना, मे महिन्यापासून नवी मुंबईत नगरसेवकांऐवजी प्रशासक आला. ठाण्यातही मार्च २०२२ पासून तेच झालं. ती वर्षं काढणं कठीण गेलं, पण खरा अभ्यास त्याच काळात झाला. अंदाजपत्रक घेऊन बसा. महसुली खर्च कुठला, भांडवली कुठला, आपल्या नाल्याचं काम कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या कोणत्या खात्यात आहे, तरतूद किती आणि प्रत्यक्ष खर्च किती. जुन्या महासभांची इतिवृत्तं वाचा. मिळत नसतील तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सलग शिकायचं असेल तर अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेचे अभ्यासक्रम आहेत. दोन दिवसांच्या 'नेतृत्व शिबिरां'वर माझा विश्वास नाही. तिथे फोटो चांगले येतात.

गुरू शोधताना 'ताई, तुम्ही फक्त सही करा' म्हणणाऱ्या दादांपासून लांब राहा. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका निवृत्त कारकून काकांनी. ठरावाची सूचना कशी लिहायची, अनुमोदक का लागतो, हे त्यांनी पाठकोऱ्या कागदावर माझ्याकडून वीस वेळा लिहून घेतलं.

परवा घणसोलीहून एक मुलगी आली होती. वय तेवीस, लग्न ठरलेलं, पुढेमागे उभं राहायचं मनात आहे. तिने शाळेचा दाखला दाखवला. जातीचा रकाना कोरा. तिला म्हटलं, लग्नाआधी गावाला जाऊन ये, आणि वडिलांना बरोबर ने. शाळेतलं कोण कुठे राहतं, हे त्यांनाच माहीत असतं.