कॅमेरा ड्रायव्हर शिकताना: बफरचा प्रकार कोणता आणि बफर कुणाच्या ताब्यात

एम्बेडेड लिनक्समध्ये कॅमेऱ्याच्या कामाला नव्याने लागलेली मुलं-मुली मला एक प्रश्न हटकून विचारतात: बफरचे, म्हणजे चित्राचा डेटा ठेवायच्या मेमरीच्या तुकड्यांचे, एवढे प्रकार कशासाठी? पुण्यात याच कामात असल्यामुळे सी-डॅकचा एम्बेडेड डिप्लोमा करून आलेल्यांशी माझं सतत बोलणं होतं. त्यांचं सी पक्कं असतं, इंटरप्ट आणि डीएमए माहीत असतात. अडतं ते व्हिडिओच्या रांगेपाशी, म्हणजे ॲप आणि ड्रायव्हर यांच्यात बफरची देवाणघेवाण होते तिथे. त्यांच्यासाठीच हे सविस्तर लिहिते आहे.

गोंधळाचं मूळ असं, की 'बफरचा प्रकार' म्हणताना आपण तीन निरनिराळे प्रश्न एकाच पिशवीत कोंबतो. पहिला प्रश्न, या रांगेतून काय जाणार आणि कुठल्या दिशेने. हा व्हीफोरएलटू, म्हणजे लिनक्सच्या व्हिडिओ इंटरफेसमधला टाइप. दुसरा, मेमरी कोण देणार. कर्नलने राखलेली मेमरी ॲपने मॅप करून घ्यायची तर एममॅप. ॲपने स्वतःची मेमरी पुढे केली तर यूजरपॉइंटर. दुसऱ्याच ड्रायव्हरची मेमरी फाइल डिस्क्रिप्टरच्या रूपात आली तर डीएमएबफ. तिसरा प्रश्न ॲपला दिसतच नाही: ती मेमरी हार्डवेअरपर्यंत पोचणार कशी. ते ड्रायव्हर लिहिणारा ठरवतो आणि त्यासाठी व्हीमॅलॉक, डीएमए-कॉन्टिग किंवा डीएमए-एसजी यांतलं एक निवडतो. कुठलाही कोड वाचताना आधी स्वतःला विचारा, की समोरची ओळ या तिन्हींपैकी कुठल्या प्रश्नाचं उत्तर देते आहे.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हार्डवेअर पाहूनच मिळतं. यूएसबी वेबकॅमचा डेटा तुकड्यातुकड्यांनी येतो आणि सीपीयू तो बफरमध्ये कॉपी करतो, म्हणून यूव्हीसी, म्हणजे यूएसबी वेबकॅमच्या ड्रायव्हरला व्हीमॅलॉक पुरतं. एसओसी चिपवरच्या सीएसआय रिसीव्हरला, म्हणजे कॅमेरा सेन्सरचा डेटा घेणाऱ्या भागाला, बहुतेक वेळा सलग पत्ता लागतो, तिथे डीएमए-कॉन्टिग. पानांची यादी घेऊन काम करू शकणाऱ्या पीसीआय कार्डाला डीएमए-एसजी चालतं. हे सगळं एका छताखाली आणणारं व्हिडिओबफ-टू हे फ्रेमवर्क २०११ साली, २.६.३९ या कर्नलमध्ये आलं. आज नवा ड्रायव्हर लिहायचा तर रांग सांभाळायला तेच वापरायचं.

टाइपचा पहिला धक्का बहुतेकांना स्वतःच्या लॅपटॉपवरच बसतो. वेबकॅम एकच, पण डेव्ह फोल्डरमध्ये व्हिडिओ० आणि व्हिडिओ१ अशा दोन नोंदी दिसतात. दुसरी उघडून चित्र मागितलं की एरर येते. कॅमेरा बिघडलेला नसतो. ४.१६ कर्नलपासून यूव्हीसी ड्रायव्हर चित्रासोबतचा मेटाडेटा, म्हणजे टाइमस्टॅम्पसारखी माहिती, वेगळ्या नोडवर देतो. त्या नोडच्या रांगेचा टाइप मेटा-कॅप्चर आहे. एका रांगेला टाइप एकच असतो, हा नियम इथेच मनात बसवून घ्या. एन्कोडर-डीकोडरमध्ये तर एकाच नोडवर दोन रांगा असतात. आउटपुट टाइपच्या रांगेतून ॲप हार्डवेअरला डेटा देतं आणि कॅप्चर टाइपच्या रांगेतून परत घेतं. डीकोडरला कॉम्प्रेस केलेला डेटा द्यायचा तो आउटपुट रांगेत. इथे नवा माणूस उलटं समजतो.

मल्टिप्लेनर टाइप, म्हणजे एका चित्राचे भाग वेगवेगळ्या प्लेनमध्ये (मेमरीच्या वेगळ्या तुकड्यांत) ठेवू देणारा टाइप, आला की आणखी काळजी घ्यावी लागते. साध्या कॅप्चर टाइपमध्ये बफरच्या स्ट्रक्चरमधलं लेंग्थ म्हणजे बाइट्स. ६४० बाय ४८० च्या वाययूवायव्ही चित्राला तिथे निदान ६,१४,४०० असायला हवेत. मल्टिप्लेनर टाइपमध्ये त्याच फील्डचा अर्थ बदलतो. तिथे प्लेनच्या ॲरेत किती जागा आहेत तो आकडा येतो, आणि बाइट्सचा हिशेब प्रत्येक प्लेनच्या आत जातो. एकीकडचा कोड दुसरीकडे तसाच डकवला की कंपायलर चकार शब्द काढत नाही. शिवाय मल्टिप्लेनर टाइप आहे म्हणून प्लेन दोन असतीलच असं नाही. एनव्ही१२ फॉरमॅटमध्ये वाय आणि रंगाचा भाग एकाच सलग बफरमध्ये बसतो, म्हणजे प्लेन एक. एनव्ही१२एम मध्ये ते दोन वेगळे बफर असतात.

मेमरीच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. नव्या ड्रायव्हरमध्ये एममॅप आणि डीएमएबफ द्या, यूजरपॉइंटरच्या वाटेला जाऊ नका. ॲपने मॅलॉक करून दिलेली मेमरी प्रत्यक्षात विखुरलेल्या पानांवर असते. आयओएमएमयू (विखुरलेली पानं हार्डवेअरला सलग दाखवणारा भाग) नसलेल्या चिपवर डीएमए-कॉन्टिगला ती चालत नाही, आणि असला तरी अलाइनमेंटचे प्रश्न उरतात. कॅमेऱ्याचा बफर कॉपी न करता डिस्प्ले किंवा एन्कोडरला द्यायचा असेल, तर डीएमएबफ त्यासाठीच आहे.

पण डीएमएबफसोबत एक जबाबदारी येते: आलेल्या बफरचा आकार तुम्ही ठरवलेला नसतो. १९२० बाय १०८० च्या एनव्ही१२ चित्राला ३१,१०,४०० बाइट्स लागतात. अनेक एच.२६४ हार्डवेअर ब्लॉक उंची १६ च्या पटीत मागतात, म्हणजे १०८८ ओळी आणि ३१,३३,४४० बाइट्स. कॅमेऱ्याने नेमक्या १०८० ओळींचा बफर केला आणि तोच अशा एन्कोडरकडे दिला, तर २३,०४० बाइट्स कमी पडतात. तपासणी नसेल तर हार्डवेअर शेजारच्या मेमरीत हात घालतं. ही तपासणी बफ-प्रिपेअर या कॉलबॅकमध्ये, म्हणजे व्हिडिओबफ-टू बोलावतं त्या ड्रायव्हरच्या फंक्शनमध्ये, करायची. प्लेनचा आकार लागणाऱ्या आकारापेक्षा लहान असेल तर तिथल्या तिथे एरर परत करा. मी कोड तपासते तेव्हा ही ओळ आधी शोधते.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो मुद्दा. प्रकार कुठलाही असो, प्रत्येक क्षणी बफर कुणाच्या तरी ताब्यात असतो: ॲपच्या, व्हिडिओबफ-टूच्या किंवा ड्रायव्हरच्या. ॲपने क्यूबफ केलं, म्हणजे बफर रांगेत लावला, की तो ॲपकडून सुटतो. बफ-क्यू कॉलबॅक आला की तो तुमचा. बफर-डन म्हटलंत की तुमचा हक्क संपला. वेबकॅम असो की सीएसआय, हे चक्र बदलत नाही.

हे चक्र मोडतं ते स्ट्रीमिंग सुरू होताना. समजा ॲपने चार बफर रांगेत लावून स्ट्रीमऑन केलं, म्हणजे स्ट्रीमिंग सुरू करायला सांगितलं. व्हिडिओबफ-टूने चारही तुमच्याकडे सोपवले, तुम्ही ते आपल्या लिस्टमध्ये जोडले, मग स्टार्ट-स्ट्रीमिंग आलं. तिथे सेन्सरला आयटूसीवरून सुरू व्हायला सांगितलं आणि केबल सैल असल्याने उत्तरच आलं नाही. तुम्ही एरर परत केली, पण चार बफर लिस्टमध्येच राहिले. व्हिडिओबफ-टू कर्नल लॉगमध्ये वॉर्निंग छापतं आणि ते बफर जबरदस्तीने आपल्याकडे ओढून घेतं. तुमच्या लिस्टला मात्र याचा पत्ता नसतो. ॲपने पुन्हा स्ट्रीमऑन केलं की तेच चार बफर त्याच लिस्टमध्ये दुसऱ्यांदा जोडले जातात आणि लिस्ट बिघडते. क्रॅश होतो तो नंतर, भलत्याच ठिकाणी, आणि शोधणारा इंटरप्ट हँडलर चाळत बसतो.

उपाय सोपा आहे. स्टार्ट-स्ट्रीमिंग फसलं तर बाहेर पडण्याआधी लिस्ट रिकामी करून प्रत्येक बफर 'क्यूड' या स्थितीत परत करा. स्टॉप-स्ट्रीमिंगमध्ये आधी डीएमए खरोखर थांबल्याची खात्री करा, मग सगळे बफर 'एरर' स्थितीत परत करा. क्रम उलटला तर ॲपने सोडून दिलेल्या मेमरीत हार्डवेअर लिहीत राहतं. स्ट्रीमऑन यशस्वी झालं म्हणजे स्टार्ट-स्ट्रीमिंग चाललंच, असंही धरू नका. ड्रायव्हरने किमान किती बफर हवेत ते सांगितलेलं असेल, तर तेवढे रांगेत येईपर्यंत तो कॉलबॅक येतच नाही.

सरावाला बोर्ड विकत घ्यायची गरज नाही. हान्स वेरकुइल यांनी लिहिलेला व्हिव्हिड हा आभासी ड्रायव्हर ३.१८ पासून कर्नलमध्ये आहे. मॉड्यूल लोड करताना मल्टिप्लेनर पॅरामीटर १ दिला तर एकप्लेनर, २ दिला तर मल्टिप्लेनर. अलोकेटर्स पॅरामीटरने व्हीमॅलॉक आणि डीएमए-कॉन्टिग यांत अदलाबदल करता येते. त्यात मुद्दाम एरर घडवण्याची कंट्रोल्सही आहेत, स्ट्रीमऑन फसवण्याचं सुद्धा. ते लावून व्हिव्हिडचा कोड बफर कसे परत करतो ते ओळीओळीने पाहा. मग कर्नलच्या सॅम्पल्स फोल्डरमधला पीसीआय स्केलेटन ड्रायव्हर वाचा. तो लहान आहे आणि भरपूर टिपा देऊन लिहिलेला आहे.

स्वतःचा ड्रायव्हर उभा राहिला की व्हीफोरएलटू-कम्प्लायन्स हे ड्रायव्हर नियमांप्रमाणे वागतो का ते तपासणारं टूल स्ट्रीमिंगच्या पर्यायासह चालवा. मुख्य कर्नलमध्ये ड्रायव्हर द्यायचा तर त्याचं आउटपुट मागितलंच जातं. कर्नल बांधताना मीडियाचा ॲडव्हान्स्ड डीबग पर्याय चालू ठेवा. मग कॉलबॅकच्या जोड्या जुळल्या नाहीत, तर रांग मोकळी होताना लॉगमध्ये 'अनबॅलन्स्ड' असं उमटतं. मुलाखतीतही मी उमेदवाराला असा एखादा लॉग दाखवते आणि एवढंच विचारते: या क्षणी हा बफर कुणाकडे आहे?