रस्त्यावर दुसऱ्याच्या चुकीसाठी जागा कशी राखावी

आठवड्यातले काही दिवस मी सायकलने जातो आणि उरलेले दिवस मोटार चालवतो, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या शिव्या मला पाठ आहेत. सायकलवाला मोटारवाल्याच्या नावाने बोटे मोडतो, मोटारवाला सायकलवाल्याच्या, आणि या रागात त्रास आणि धोका यांची गल्लत होते. मागून उगाच हॉर्न वाजवणारा माणूस त्रासदायक असतो, पण त्याच्यापासून अपघात होण्याची शक्यता फारशी नसते. उलट एक अक्षरही न बोलता तुमच्या मागच्या चाकाला चिकटून येणारा माणूस खरा धोकादायक असतो. म्हणून कोणी आगळीक केली की पहिला प्रश्न स्वतःला विचारावा, की याने माझ्याभोवतीची जागा किंवा माझ्या हातातला वेळ कमी केला का? केला नसेल तर सोडून द्यावे. केला असेल तर ती जागा आपणच पुन्हा तयार करावी, कारण ती परत द्यायला तो येणार नाही.

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे जाते. पुढच्याने ब्रेक मारल्याचे दिसून आपला पाय ब्रेकवर जाईपर्यंतच साधारण एक ते दीड सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात होण्याआधीच बस-दोन बसच्या लांबीएवढे अंतर संपलेले असते. दोन सेकंदांचा नियम इथूनच आला. पुढची गाडी एखाद्या खांबाला मागे टाकेल तेव्हा मोजायला सुरुवात करावी, आणि आपण त्याच खांबापाशी दोन सेकंद पुरे होण्याआधी पोहोचलो तर वेग कमी करावा. रस्ता ओला असेल तर हे अंतर दुप्पट ठेवावे. आता या मोकळ्या जागेत कोणीतरी कट मारून घुसणारच, हे गृहीत धरावे. त्याला धडा शिकवण्याच्या भानगडीत न पडता ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा उचलावा आणि तेवढेच अंतर नव्याने तयार करावे. कोणी मागून अंगावर येत असेल तर त्याला घाबरवण्यासाठी ब्रेक दाबणे हा शुद्ध मूर्खपणा आहे. पुढचे अंतर आणखी वाढवावे, म्हणजे आपल्याला एकदम थांबावे लागणार नाही आणि त्यालाही सावरायला वेळ मिळेल. जागा मिळताच त्याला पुढे जाऊ द्यावे.

सायकलवाल्याला घासून जाणे ही सर्वांत जास्त भांडणे लावणारी गोष्ट. जर्मनीने २०२० मध्ये नियमच केला, की सायकलला ओलांडताना वस्तीत किमान दीड मीटर आणि वस्तीबाहेर किमान दोन मीटर अंतर सोडावे. दीड मीटर पुष्कळ वाटते, पण सायकल रुळावरून चालत नाही; खड्डा, झाकण किंवा वाऱ्याचा झोत आला की ती हातभर इकडेतिकडे होते, आणि मोठे वाहन शेजारून गेले की त्याच्या हवेनेच ती हेलकावते. एवढी जागा नसेल तर मोटारवाल्याने मागेच राहावे. त्याचा तोटा किती होतो, तेही मोजून पाहावे. ताशी २० किलोमीटरने चाललेल्या सायकलमागे २०० मीटर जायला ३६ सेकंद लागतात. हेच अंतर ५० च्या वेगाने १४ सेकंदांत संपते. म्हणजे सगळे भांडण २२ सेकंदांचे, आणि तेही बहुतेक वेळा पुढच्या सिग्नलला उभे राहण्यातच जातात. सायकलवाल्यानेही अगदी काठाला चिकटून जाऊ नये. कडेची कचरापट्टी चाकाला वाईट असतेच, शिवाय काठावरचा सायकलस्वार पाहून मागच्याला वाटते, की बाजूने सहज निघता येईल. काठापासून सुमारे एक मीटर आत चालवावे, आणि रस्ता अरुंद होण्याआधी मागे वळून पाहून, हात दाखवून लेनच्या मध्यभागी यावे. लोक चिडतात, मान्य. पण चिडलेल्या चालकाने आपल्याला निदान पाहिलेले असते.

थांबलेल्या मोटारींच्या रांगेशेजारून जाताना मात्र कोणी चिडलेले नसते, आणि धोका तिथेच दबा धरून असतो. दार अचानक उघडते तेव्हा सायकलवाला दारावर समोरून आदळतोच असे नाही. अनेकदा हँडलचे टोक दाराच्या कडेला अडकते, पुढचे चाक झटक्यात वळते आणि तो रस्त्याच्या मधल्या बाजूला, मागून येणाऱ्या वाहनासमोर फेकला जातो. दार उघडल्यावर बाजूला झेपावणेही म्हणूनच घातक. उपाय आधीच करावा लागतो. रांगेपासून निदान एक मीटर, जमल्यास त्याहून जास्त अंतर ठेवून सरळ रेषेत जावे आणि दोन मोटारींमधल्या रिकाम्या जागेत आत-बाहेर करू नये. मागच्या काचेतून चालकाच्या जागी डोके दिसते का, मागचे लाल दिवे नुकतेच विझले का, पुढचे चाक वळलेले आहे का, हे पाहत राहावे. दिवे नुकतेच विझलेल्या मोटारीतून कोणीतरी उतरणार, हे जवळजवळ ठरलेलेच असते. मोटारीत बसलेल्यांसाठी नेदरलँड्समधली एक साधी सवय आहे. दाराला लागून असलेल्या हाताऐवजी पलीकडच्या हाताने दार उघडायचे. तसे करताना खांदा आपोआप वळतो आणि नजर आधी आरशाकडे, मग मागच्या रस्त्याकडे जाते. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत २०२२ पासून ही शिफारस आहे.

ट्रकच्या बाबतीत तर मी कोणतीही सवलत देणार नाही. लांब वाहन वळते तेव्हा मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, तर कोपऱ्याच्या अधिक जवळून आत घसरतात. सिग्नलला थांबलेल्या ट्रकच्या आणि रस्त्याच्या काठाच्या मधली ऐसपैस वाटणारी फट ट्रक वळू लागताच बंद होते. त्या फटीत शिरूच नये, ट्रकने इंडिकेटर दिलेला नसला तरीही. आपण आधीपासून उभे असताना ट्रक शेजारी येऊन थांबला, तर चालकाला स्पष्ट दिसेल इतके पुढे जावे किंवा सरळ उतरून सायकल पदपथावर घ्यावी. आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही. चेहरा दिसला तरी तो आपल्याकडेच पाहतो आहे असे समजू नये. लहान मोटारीच्या चालकांचीही एक खोड आहे: वळण दहा पावलांवर असताना सायकलला ओलांडायचे आणि लगेच तिच्यासमोर वळायचे. अशा वेळी मागे राहून वळावे.

‘दिसलाच नाही’ हे वाक्य सबब म्हणून ऐकले जाते, पण ते कित्येकदा खरे असते. पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांआड एक अख्खी सायकल लपते. दोघेही कायम वेगाने एकाच बिंदूकडे येत असतील तर चालकाला ती सायकल सतत त्याच कोनात, म्हणजे त्याच खांबाआड राहते. चौकात शिरताना चालकाने मान आणि धड थोडे पुढे-मागे हलवून पाहावे; एवढ्याने खांबाआडचे दिसते. सायकलवाल्याने अशा चौकात थोडा वेग बदलला तरी तो खांबाआडून बाहेर येतो.

सायकलवाल्यांच्या चुकांना मी सूट देत नाही. उलट्या दिशेने येणे ही त्यांतली सर्वांत वाईट, कारण बाजूच्या रस्त्यावरून बाहेर पडणारा चालक वाहने येतात त्याच दिशेला पाहतो. शिवाय २० च्या वेगाची सायकल आणि ४० च्या वेगाची मोटार समोरासमोर आल्या की अंतर ताशी ६० किलोमीटरने संपते. एकाच दिशेने असत्या तर ते २० नेच कमी झाले असते. रात्री दिव्याशिवाय निघणे त्याच तोडीचे. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लावावाच, आणि चमकणारी पट्टी पाठीपेक्षा घोट्याला बांधावी, कारण वर-खाली होणारा पाय पाहणाऱ्याला माणूस म्हणून चटकन ओळखू येतो.

मोबाइलमध्ये पाहणारा चालक ओळखणे सोपे असते: गाडी लेनमध्ये हळूहळू सरकते आणि मग झटक्यात सरळ होते. त्याच्या शेजारी राहू नये. समोरून अप्परचा झोत आला तर दिव्यांकडे न पाहता आपल्या बाजूच्या रस्त्याच्या कडेकडे नजर ठेवावी आणि वेग उतरवावा.

एवढे करूनही कोणी घासून जाईलच. सिग्नलला गाठून त्याच्या बॉनेटवर थाप मारण्याचा मोह मला होतो, आणि मी तो आवरतो, कारण एक टनाहून जड वाहनात बसलेल्या चिडक्या माणसाशी सायकलवरून वाद घालण्यात काही फायदा नाही. वाहनाचा क्रमांक, ठिकाण आणि वेळ लगेच मोठ्याने बोलावी; कॅमेरा असेल तर आवाज नोंदला जातो, नसेल तरी मोठ्याने उच्चारलेला क्रमांक अधिक लक्षात राहतो. मग सायकल बाजूला घ्यावी, पाणी प्यावे, हँडल सरळ आहे का आणि ब्रेक नीट लागतात का ते पाहावे, आणि हाताची थरथर थांबल्यावरच पुढे निघावे.