गावच्या सरकारी शाळेचा आदेश मराठी घरांपर्यंत कसा पोहोचवावा

इंदूर जिल्ह्यातील महू, सांवेर, देपालपूर आणि इंदूर या चार विकासखंडांतील सरकारी शाळांचे कागद हिंदीत निघतात. त्यांतील मजकूर मराठी घरांत समजावून सांगण्याचे काम बहुधा शाळेतील एखादा मराठी शिक्षक, व्यवस्थापन समितीवरील पालक किंवा निवृत्तीनंतर शाळेकडे वळलेला माझ्यासारखा माणूस करतो. लिपी एकच असल्यामुळे हे काम सोपे वाटते आणि चूक नेमकी तिथेच होते.

आदेश हाती आला की विषय वाचण्याआधी तो कोणी काढला आहे ते पाहावे. पहिली ते आठवीचा कारभार भोपाळच्या राज्य शिक्षा केंद्राकडे आहे. त्याचे आदेश जिल्हा परियोजना समन्वयक, विकासखंडाचे बीआरसी (तिथल्या स्रोत केंद्राचे समन्वयक) आणि जनशिक्षक (आसपासच्या काही शाळांचे काम पाहणारे शिक्षक) या वाटेने शाळेत उतरतात. नववी ते बारावीचे आदेश लोक शिक्षण संचालनालयाकडून जिल्हा शिक्षण अधिकारी आणि संकुल प्राचार्य (शाळांच्या गटाचे, म्हणजे संकुलाचे प्रमुख) यांच्यामार्फत येतात. हा भेद लक्षात ठेवला म्हणजे पाचवीच्या परीक्षेची शंका घेऊन कोणी संकुलाच्या दारात ताटकळत बसत नाही. ती जनशिक्षकांनाच विचारायची असते. मोबाइलवर फिरणाऱ्या छायाचित्रात पुष्कळदा पहिलेच पान असते. क्रमांक, दिनांक आणि शेवटी ‘प्रतिलिपि’ या मथळ्याखाली दिलेली, प्रत कोणाकोणाला पाठवली त्याची यादी डोळ्यांखालून गेल्याशिवाय तो कागद पूर्ण समजू नये.

यानंतर शब्द. आमच्या आजीला ‘जन शिक्षा केंद्र’ ही पाटी वाचून तिथे लोकांना शिक्षा देतात असे वाटले होते, हा किस्सा घरात अजून सांगितला जातो. पण इतर शब्द इतके निरुपद्रवी नाहीत. ‘संशोधित आदेश’ म्हणजे सुधारित आदेश, संशोधनाशी त्याचा संबंध नाही, आणि हा शब्द दिसला की आधीचा आदेश बदलला असे समजून जुना कागद शाळेच्या सूचनांच्या फळ्यावरून उतरवावा. एका अर्धवार्षिक परीक्षेच्या वेळी या शब्दावरून माझी नजर सहज पुढे गेली, जुने वेळापत्रक तसेच राहिले आणि सहावीतील दोन मुले गणिताची तयारी करून विज्ञानाच्या पेपरला येऊन बसली. मुलांनी जमेल तसा पेपर लिहिला. त्यांच्या आयांसमोर उभे राहायला मला आठवडा लागला. ‘निरस्त’ म्हणजे रद्द, ‘अतिशेष शिक्षक’ म्हणजे पटसंख्येच्या मानाने जास्त ठरलेले शिक्षक, आणि ‘अवकाश’ म्हणजे सुट्टी किंवा रजा. ‘अजून अवकाश आहे’ या आपल्या बोलण्यातला सवड हा अर्थ तिथे नसतो.

सुट्टीचा आदेश तर एकेक शब्द तोलून वाचावा लागतो. रंगपंचमीची स्थानिक सुट्टी किंवा अतिवृष्टी आणि थंडीमुळे शाळेच्या वेळेत होणारा बदल जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने ठरतो. सुट्टी कोणत्या इयत्तेपर्यंत आहे, ती फक्त विद्यार्थ्यांना आहे की शिक्षकांनाही, आणि ज्या परीक्षा सुरू आहेत त्या होणार की नाहीत, या तीन गोष्टी आदेशात वेगवेगळ्या ओळींत असू शकतात. ‘उद्या शाळा बंद’ एवढेच लिहून मोकळे होणारा माणूस आठवीच्या मुलाला घरी बसवतो आणि त्याचा पेपर बुडवतो.

फळ्यावर आदेशाचे भाषांतर लिहू नये. पालकाने काय करायचे ते लिहावे. कागदपत्रांच्या पडताळणीचे दोन पानी पत्र आले तर माझी सूचना साधारण अशी असते (‘समग्र’ म्हणजे राज्य सरकारकडची कुटुंबनिहाय नोंद): ‘सहावीच्या पालकांसाठी. मुलाचे आधार, कुटुंबाचे समग्र पत्रक आणि पाचवीची गुणपत्रिका घेऊन शुक्रवारी सकाळी अकरा ते एक या वेळेत शाळेत यावे. मूळ कागद पाहून लगेच परत दिले जातील. पैसे लागत नाहीत.’ शेवटचे वाक्य आवर्जून लिहावे, कारण ते नसले की दिवसभर तोच प्रश्न ऐकावा लागतो.

याच पडताळणीत मराठी घरांची एक खास अडचण निघते. आपण मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव सलग लिहितो, तर इथल्या अर्जात वडिलांच्या नावाचा रकाना वेगळा असतो. त्यामुळे आधारवर तीन शब्दांचे नाव, समग्रमध्ये दोन शब्दांचे आणि शाळेच्या दाखल-खारीज (प्रवेश आणि शाळा सोडल्याच्या) नोंदवहीत आणखी काही असा प्रकार होतो, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना नावे जुळत नाहीत. पालकांना तिन्ही नोंदी शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडून पाहायला सांगावे. समग्रचा कुटुंब क्रमांक 8 अंकी आणि सदस्य क्रमांक 9 अंकी असतो. अर्जात मुलाचा सदस्य क्रमांक लागतो आणि घाईत हमखास कुटुंबाचाच लिहिला जातो.

ज्या बातम्या वरून येत नाहीत, त्या समितीच्या बैठकीत सापडतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य आई-वडील किंवा पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. कलम 22 प्रमाणे शाळा विकास आराखडाही हीच समिती तयार करते. बैठकीचे इतिवृत्त त्याच दिवशी वाचून घ्यावे. छताची दुरुस्ती, मध्यान्ह भोजन किंवा अतिथी शिक्षकाची रिकामी जागा यांबद्दल काय ठरले ते तारखेसह दोन ओळींत लिहावे. ‘चर्चा झाली’ असे लिहिलेले असेल तर काहीच ठरले नाही असे धरून पुढच्या बैठकीत तोच विषय पुन्हा काढावा.

मुलांची नावे, समग्र किंवा आधार क्रमांक, बँक खाते आणि कोणाचा अर्ज अडकला आहे ही माहिती फळ्यावर किंवा मोबाइलच्या गटावर कधीही टाकू नये. संबंधित पालकाला बाजूला बोलावून सांगावे. प्रत्येक सूचनेखाली आदेशाचा क्रमांक, दिनांक आणि सूचना उतरवण्याची तारीख लिहावी. उतरवलेला कागद फाडून न टाकता ‘कालबाह्य’ असा शेरा मारून फाइलीत लावावा, कारण एप्रिलमध्ये नवे सत्र सुरू झाले की गेल्या वर्षी नेमके काय सांगितले होते हे विचारायला कोणी ना कोणी येतेच.