कॅल्शियम देऊनही गाय उठेना, तेव्हा

व्यायल्यावर पहिल्या 72 तासांत बसलेली गाय पाहिली की दुग्धज्वर, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम घटलंय, असं समजून हात आपोआप कॅल्शियमच्या बाटलीकडे जातो, आणि बहुतेकदा ते बरोबरच असतं. मान कुशीकडे वळलेली, कान गार, नाकपुडी कोरडी. बाटली कोमट करा, शिरेतून 10-20 मिनिटं घेऊन हळूहळू सोडा, स्टेथोस्कोप छातीवरून हलवू नका. ठोके अडखळले की सलाईन बंद. बाटली संपत आली की गाय ढेकर देते, नाकपुडी ओली होते, कुशीचे स्नायू थरथरतात, शेण पडतं.

एवढं होऊनही ती बसलेलीच राहते, तिथून खरी केस सुरू होते. मालक म्हणतो, "डॉक्टर, अजून एक लावून बघा ना." लगेच लावू नका. आधी गाय नीट तपासा.

सुरुवात कासेपासून. चारही सडांची धार काढून बघा. कोलिफॉर्म कासदाहात (शेणातल्या जंतूंमुळे कासेला येणाऱ्या सुजेत) दूध पिवळसर, पाण्यासारखं येतं, आणि गाय हुबेहूब दुग्धज्वरासारखी पडते. तिच्या रक्तात विष भिनलेलं असताना शिरेतून कॅल्शियम घाईत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. मग हातमोजा चढवून गर्भाशय बघा : फाटलंय का, आत दुसरं वासरू आहे का. त्यानंतर खुबा. मदतनिसाला मागचा पाय गोल फिरवायला सांगा आणि खुब्यावर स्टेथोस्कोप ठेवा. निखळलेल्या किंवा मोडलेल्या हाडाची करकर कधीकधी हाताला लागत नाही, पण कानाला ऐकू येते.

वासरू मोठं होतं, ओढून काढावं लागलं आणि आता मागचे पाय दोन्हीकडे फाकतात, तर नस दबली आहे. मऊ पट्ट्याने दोन्ही पाय थोडं अंतर ठेवून एकमेकांना बांधा, म्हणजे उठताना फाकून आणखी इजा होणार नाही.

गाय हुशार आहे, खाते, पण नुसती सरपटते? फॉस्फरसचा विचार करा. बऱ्याच मिश्र बाटल्यांत तो हायपोफॉस्फाइटच्या रूपात असतो, गाईला त्याचा काही उपयोग होत नाही. त्यापेक्षा मोनोसोडियम फॉस्फेट, साधारण 200 ग्रॅम, पाण्यात विरघळवून नळीने पोटात सोडा. बसलेल्या गाईला बाटलीने पाजू नका, फुफ्फुसात जातं.

पण माझ्या मते अशा गाई औषधापेक्षा जमिनीमुळे जास्त दगावतात. पाच-सहाशे किलोचं धूड सिमेंटवर एकाच कुशीवर राहिलं की खालच्या पायाचे स्नायू काही तासांतच मरायला लागतात, आणि मूळ आजार बरा झाला तरी गाय उठू शकत नाही. म्हणून तिला त्याच दिवशी जाड वाळूवर किंवा भरपूर पेंढ्यावर हलवा. पायाला दोर लावून फरफटत नेऊ नका, ताडपत्रीवर घेऊन सरकवा. दर तीन-चार तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. पाणी आणि वैरण तोंडापाशी हवी. खुब्याच्या क्लॅम्पने (कमरेच्या हाडांना पकडून उचलायच्या चिमट्याने) उचलायचं तर ती पायांवर भार घेते आहे तोवरच. नुसती लोंबकळत असेल तर लगेच खाली घ्या.

खाणं टिकून आहे आणि रोज थोडी तरी उठायची धडपड करते, तोवर मी आशा सोडत नाही. दोन्ही थांबलं की मालकाशी तिच्या हालांबद्दल स्पष्ट बोलतो.

कूस बदलल्याचं मात्र मी तोंडी मानत नाही. गोठ्याच्या खांबावर खडूने 'डावी', 'उजवी' आणि वेळ लिहून ठेवायला लावतो.