बक्षीसपत्रापासून नागरी संहितेपर्यंत : दानाचा कायदा शिकू पाहणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात वकिलीला सुरुवात करणाऱ्याच्या हाती जे दस्त लवकर येतात, त्यांत खरेदीखताच्या खालोखाल बक्षीसपत्र असते. वडिलांना शेत मुलाच्या नावे करून द्यायचे असते, आईला राहते घर मुलीला द्यायचे असते, आणि वरिष्ठांच्या संगणकावर जुना मसुदा तयार असल्यामुळे नावे, गट नंबर आणि चतुःसीमा बदलल्या की काम झाले, अशी नवोदिताची समजूत होते. मी याच कामातून दानाच्या कायद्याकडे वळले आणि पुढे एलएल.एम.ला तौलनिक कायदा हा विषय घेऊन फ्रान्स, जर्मनी आणि गोव्यात लागू असलेली पोर्तुगीज नागरी संहिता यांतील दानाचे नियम वाचले. कायदा माणसाला आपली मालमत्ता किती, कोणत्या रीतीने आणि कोणाचा हक्क राखून देऊ देतो, हा या विषयाचा गाभा आहे. आपल्या बक्षीसपत्रात काय लिहायचे राहून जाते, हे मला त्या संहिता वाचल्यावरच नीट कळले.

सुरुवात मात्र घरच्या कायद्यापासूनच करावी. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याची कलमे १२२ ते १२९ एवढाच हा भाग आहे, आणि तो मुळातून, गाइडशिवाय वाचावा. कलम १२२ प्रमाणे दान स्वेच्छेने व मोबदल्याशिवाय व्हावे लागते, आणि दाता हयात व देण्यास सक्षम असतानाच घेणाऱ्याने ते स्वीकारावे लागते. कलम १२३ प्रमाणे स्थावर मिळकतीसाठी दात्याच्या सहीचा, किमान दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेला नोंदणीकृत दस्त अनिवार्य आहे, तर जंगम वस्तू प्रत्यक्ष ताबा देऊनही देता येते. कलम १२४ प्रमाणे भविष्यात मिळणाऱ्या मालमत्तेचे दान तेवढ्यापुरते निरर्थक ठरते. स्थावराचा ताबा लगेच दिलाच पाहिजे असे नाही; दात्याने हयातभर राहण्याचा व उत्पन्न घेण्याचा हक्क स्वतःकडे ठेवून केलेले बक्षीसपत्रही वैध असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले. मुस्लिम पक्षकाराच्या हिब्याला, म्हणजे मुस्लिम कायद्यानुसार केलेल्या दानाला, कलम १२९ वेगळे ठेवते. तेथे घोषणा, स्वीकार आणि ताबा या तीन गोष्टी पाहिल्या जातात.

आपल्याकडे पक्षकार पुष्कळदा ‘नोटरी केलेले बक्षीसपत्र’ घेऊन येतात. आपला नोटरी सही करणाऱ्याची ओळख पटवून दस्त प्रमाणित करतो. त्या शिक्क्याने शेतजमिनीची किंवा घराची मालकी फिरत नाही, आणि हे पक्षकाराला समजावून सांगताना फार त्रास होतो, कारण अनेकदा दाता तोपर्यंत वारलेला असतो. फ्रान्समधील नोटरी हा सरकारने नेमलेला कायदेतज्ज्ञ अधिकारी असतो. तो मसुदा स्वतः करतो, दोन्ही बाजूंना परिणाम समजावून सांगतो आणि मूळ प्रत आपल्या दप्तरी ठेवतो. १८०४ च्या फ्रेंच संहितेच्या कलम ९३१ प्रमाणे दानपत्र नोटरीसमोर झाले नाही तर ते रद्दबातल असते, आणि कलम ९३२ नुसार स्वीकारही स्पष्ट शब्दांत नोंदवावा लागतो. हा कडकपणा संहितेच्याही आधीचा आहे. चान्सलर दागेसो याने १७३१ मध्ये तयार केलेल्या राजाज्ञेत तो आढळतो. दात्याने भावनेच्या भरात किंवा दबावाखाली घर लिहून देऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. त्याच देशात हातोहात दिलेली वस्तू वा रोकड मात्र न्यायालयांनी पूर्वीपासून वैध मानली आहे. १९०० पासून लागू असलेल्या जर्मन संहितेत कलम ५१८ प्रमाणे दानाचे वचन नोटरीसमोर द्यावे लागते, पण वचनाप्रमाणे वस्तू प्रत्यक्ष दिली गेली की नोटरीसमोर वचन न झाल्याची उणीव भरून निघते. मला जर्मन मांडणी अधिक व्यवहारी वाटते. मात्र वृद्ध दात्याच्या संरक्षणाचा विचार केला तर फ्रेंच पद्धतच अधिक भरवशाची आहे.

यानंतर वारसांच्या राखीव हिश्श्याकडे यावे. फ्रान्समध्ये एक अपत्य असेल तर मनुष्याला आपल्या संपत्तीचा अर्धा, दोन असतील तर एक तृतीयांश आणि तीन किंवा अधिक असतील तर फक्त एक चतुर्थांश भाग मोकळेपणाने देता येतो, मग ते दान असो वा मृत्युपत्र. उरलेला भाग मुलांचा मानला जातो. मृत्यूनंतर हिशेब करताना हयातीतील दानेही त्यात मिळवली जातात, आणि मर्यादा ओलांडली असेल तर दान तेवढ्यापुरते कमी केले जाते. जर्मनीत मृत्यूपूर्वीच्या दहा वर्षांतील दाने विचारात घेतली जातात. दान जितके जुने तितका त्याचा हिशेबातील भाग दरवर्षी एक दशांशाने घटतो, मात्र पती-पत्नीमधील दानाला ही मुदत विवाह टिकून असेपर्यंत सुरू होत नाही.

हे वाचून आपल्याकडे असे काहीच नाही, असा निष्कर्ष विद्यार्थी घाईने काढतात. हिंदू माणसाच्या स्वकष्टार्जित मिळकतीपुरता तो बरोबर आहे, परंतु वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत चित्र वेगळे आहे. सहदायकाला, म्हणजे अशा मिळकतीत जन्मतः हक्क असलेल्या कुटुंबीयाला, आपला अविभक्त हिस्सा इतरांच्या संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही. कर्त्याला, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या प्रमुखाला, अशी स्थावर मिळकत केवळ धार्मिक वा पुण्यकार्यासाठी, तीही वाजवी मर्यादेत, दान करता येते. ‘प्रेम व आपुलकीपोटी’ दिलेले बक्षीस त्यात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. हेच शब्द आपल्या बहुतेक मसुद्यांत जसेच्या तसे असतात. म्हणून सातबाऱ्यावर एकट्याचे नाव दिसले तरी जुने फेरफार काढून मिळकत कोठून आली हे पाहिल्याशिवाय मसुदा हाती घेऊ नये. एक विसंगतीही ध्यानात ठेवावी : तोच अविभक्त हिस्सा हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ३० प्रमाणे मृत्युपत्राने देता येतो.

या विषयातील सर्वांत जिव्हाळ्याचा भाग दान परत घेण्याचा आहे, आणि येथे मी नवोदितांना अधिक वेळ थांबायला सांगेन. फ्रेंच संहिता दान अपरिवर्तनीय मानते, पण कलम ९५३ मध्ये तीन अपवाद ठेवते : अटींचे पालन न होणे, कृतघ्नता आणि दात्याला नंतर अपत्य होणे. यांतील तिसरे कारण पूर्वी आपोआप लागू होत असे. २००७ पासून दानपत्रात तशी तरतूद असेल तरच ते लागू होते. कृतघ्नतेची व्याख्याही मोघम नाही : दात्याच्या जिवावर उठणे, त्याचा छळ किंवा घोर अपमान करणे, आणि त्याला पोटापाण्यापुरते देण्यास नकार देणे. जर्मन संहितेत घोर कृतघ्नतेचे कलम ५३० आहेच, शिवाय कलम ५२८ प्रमाणे दाता पुढे स्वतःच निर्वाह करू शकत नसेल तर तो दिलेली वस्तू परत मागू शकतो. ही गरज उद्भवण्याआधीच दान होऊन दहा वर्षे उलटली असतील तर मात्र ही मागणी चालत नाही.

आपल्या कलम १२६ मध्ये कृतघ्नता हे कारण नाही. दात्याच्या इच्छेवर अवलंबून नसलेली एखादी घटना घडल्यास दान रद्द होईल असे दोघांनी ठरवले असेल, किंवा करार रद्द करण्याजोगे फसवणूक, दबाव यांसारखे कारण असेल, तरच दान मागे घेता येते. त्यामुळे घर मुलाला लिहून दिल्यावर आईला जेवणासाठी शेजारी जावे लागले, तरी निव्वळ या कलमावर तिला घर परत मिळत नसे. ही उणीव ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या अधिनियमाच्या कलम २३ ने काही अंशी भरून काढली. सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली असेल आणि सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. हे काम आपल्याकडे प्रांताधिकारी पाहतात. अशी अट असल्याचे सिद्ध व्हावे लागते, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये भर दिला, तर जानेवारी २०२५ च्या निकालात, जेथे बक्षीसपत्रासोबत मुलाने सांभाळाचे वचन लिहून दिले होते, कायद्याच्या हेतूला धरून उदार अर्थ लावला आणि आईला मिळकत परत दिली. सांभाळाचे वाक्य दस्तात स्पष्ट नसेल तर वृद्ध दात्याचा पुढचा सारा लढा त्या एका वाक्याच्या अभावी कठीण होतो. अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांची जबाबदारी लिहून घेणाऱ्यावर राहील, असे वाक्य प्रत्येक मसुद्यात घालावे, आणि मुलगा शेजारी बसलेला असला तरी दात्याशी एकट्याने बोलावे.

नागरी संहितेचा जिवंत अभ्यास करायला कोल्हापूरकरांना युरोपात जावे लागत नाही. १८६७ ची पोर्तुगीज संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही कुटुंब व वारसा यांबाबत तिची चौकट टिकली. वारशाचे नियम आता गोव्याच्या २०१२ च्या उत्तराधिकार कायद्यात आहेत. तेथे अपत्यांसारख्या सक्तीच्या वारसांसाठी अर्धी संपत्ती राखीव असते, आणि वेगळा करार नसेल तर विवाहानंतर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते. वारसांमध्ये वाटप करताना एखाद्या मुलाला आधी दिलेले दान त्याच्या हिश्श्यात धरले जाते. गोव्याचा अधिवास (कायद्याच्या दृष्टीने कायमचे घर) असलेल्या व्यक्तीच्या गोव्याबाहेरील मिळकतीच्या वारशालाही हेच नियम लागू होतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले. चंदगड, आजरा भागातील अनेक कुटुंबांचे गोव्याशी नोकरी-व्यवसायाचे आणि सोयरिकीचे संबंध असल्यामुळे हा निकाल आपल्या कामाचा आहे. असा पक्षकार आला तर अधिवास कोठला, विवाहाची नोंदणी कोठे झाली आणि विवाहापूर्वी मालमत्तेचा करार केला होता का, हे प्रश्न मिळकतीच्या कागदांआधी विचारावेत, आणि जोडीदाराची संमती दस्तातच घ्यावी.

अभ्यासाच्या साधनांविषयी थोडेसे. जर्मन संहितेचे इंग्रजी भाषांतर तेथील न्याय मंत्रालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते, त्यामुळे भाषेची भीती बाळगू नये. शिक्षण चालू असतानाच काही दिवस दुय्यम निबंधक कार्यालयात बसून दस्त कसे परत केले जातात ते पाहावे. राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे किंवा मृत मुलाची पत्नी यांना दिल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, मात्र भावाला वा बहिणीला दिल्यास ही सवलत नाही, एवढे नियम तेथे आपोआप अंगवळणी पडतात. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यामुळे बक्षीसपत्र रद्द करण्याच्या दाव्यांतील अपिले आणि ज्येष्ठ नागरिकांच्या न्यायाधिकरणांविरुद्धच्या याचिका आता येथेच ऐकता येतात. अशा सुनावणीला जाताना मूळ बक्षीसपत्राची नक्कल मिळाली तर आधी वाचून जावे, म्हणजे दस्तातील कोणत्या वाक्यावर वकील भर देत आहेत हे जागेवरच कळते.